वाचकांचे प्रश्न : कॅबिनेट कोणतं घेऊ?

मागच्या अंकात घरच्या घरी पीसी असेंबल करण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांत प्रोसेसर, ग्राफिक कार्ड वगैरेंपेक्षा कॅबिनेटचेच, म्हणजे हे सगळे भाग ज्या डब्यात बसतात त्याचेच, प्रश्न जास्त निघाले, आणि ते बघून मला बरं वाटलं, कारण सगळं बजेट संपल्यावर उरलेल्या पैशात जे बसेल ते उचलायची वस्तू अशीच कॅबिनेटची आपल्याकडे गत झालीये. म्हणून या वेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : दादा नमस्कार. मी ऐरोलीला राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रायझन ५ ५६००, मायक्रो-एटीएक्स बोर्ड आणि सेकंडहँड घेतलेलं आरटीएक्स ३०६० आहे, पण कॅबिनेट बाबांच्या ऑफिसातून निघालेलं जुनं. गेम लावला की पंधरा मिनिटांत सीपीयू ८८-९० डिग्रीला जातो, फॅन किंचाळायला लागतात, फ्रेम पडतात. बजेट ४ हजार, वर एक रुपया नाही. कूलिंग चांगलं पाहिजे आणि वायरी नीट लपल्या पाहिजेत. कुठलं घेऊ?

उत्तर : पैसे काढायच्या आधी एक काम कर. एचडब्ल्यूइन्फो नावाचं टेम्परेचर दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून घे, ते फुकट आहे. मग रोजचा गेम अर्धा तास खेळ आणि सीपीयू-जीपीयूचं, म्हणजे प्रोसेसरचं आणि ग्राफिक कार्डाचं, टेम्परेचर लिहून ठेव. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, खोलीतला पंखा त्याच नंबरवर ठेवून, कॅबिनेटचं साइडचं झाकण काढ आणि परत तेवढाच वेळ खेळ. आकडा ८-१० डिग्रीने खाली आला तर दोष कॅबिनेटचा, आत हवाच येत नाहीये. दोन-तीनच डिग्री उतरला तर मात्र नवीन कॅबिनेट आणूनही तू तिथेच राहशील, मग दोष प्रोसेसरवरच्या कूलरचा किंवा त्याच्याखाली उष्णता वाहून न्यायला लावलेल्या, आता वाळलेल्या पेस्टचा. ५६०० सोबत बॉक्समध्ये जो बुटका कूलर येतो तो चालतो, पण मे महिन्यात ऐरोलीच्या खोलीत जेमतेमच चालतो. ही टेस्ट केल्याशिवाय दुकानात जाऊ नकोस, प्लीज.

आणि टेबलाखाली बघ. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांना कॅबिनेट ठेवायला जो कप्पा असतो, तीन बाजूंनी प्लायवूड आणि मागे केबलपुरतं भोक, त्यात तुझा पीसी बसवलेला असेल तर मागून निघालेली गरम हवा फिरून पुढून परत आत जाते. तिथून बाहेर काढून उघड्यावर ठेवलं एवढ्यानेच मी पाच-सहा डिग्री उतरलेल्या बघितल्यात.

आता कॅबिनेटच. जुन्या ऑफिसच्या डब्यात एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, वरती असतो, पुढे सपाट प्लास्टिक आणि मागे असलाच तर एखादा ८० एमएमचा फॅन. तो डबा ज्या मशीनसाठी बनला होता ते आजच्या मानाने काहीच वीज खात नव्हतं. तुझा प्रोसेसर लोडवर साधारण ७६ वॅट घेतो आणि ३०६० घेते १७०, म्हणजे जवळजवळ अडीचशे वॅट, आणि हे सगळे वॅट शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतात. आपले जुने पिवळे १०० वॅटचे बल्ब आठव, तसे अडीच बल्ब एका पत्र्याच्या डब्यात बंद करून ठेवलेत असं समज. फॅन कितीही चांगले असोत, कॅबिनेटच्या आतली हवा खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली ३३ डिग्रीला असेल तर सुरुवात ३३ पासून. त्यामुळे आपल्याला फक्त एवढंच बघायचंय की खोलीतली हवा भरपूर आत यावी, कार्डावरून आणि कूलरवरून जावी आणि आत न रेंगाळता मागून-वरून निघून जावी.

म्हणून पहिली गोष्ट बघायची ती पुढची बाजू, बाकी सगळं नंतर. पुढे जाळी पाहिजे, म्हणजे मेश. काच किंवा गुळगुळीत प्लास्टिक असेल तर कडेला जी बोटभर फट सोडलेली असते त्यातूनच फॅनला हवा ओढावी लागते, आणि मग तीन फॅन लावून एकाचं काम होतं. पण जाळी दिसली म्हणून लगेच हो म्हणू नको, काही कॅबिनेटांत जाळी नुसती सजावटीला चिकटवलेली असते, मागे अख्खं प्लास्टिक. दुकानात पुढचं पॅनल खालून धरून ओढलं की निघतं, ते काढून घे, मागून मोबाइलचा टॉर्च लाव आणि पुढून बघ. उजेड सगळीकडून भरपूर येतोय तर हवाही येणार. फक्त दोन पट्ट्यांतून येतोय तर ते पॅनल परत लाव आणि पुढचं बघ. या टेस्टला दोन मिनिटं लागतात आणि कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा मला तिच्यावर जास्त भरोसा आहे.

दुसरी गोष्ट मापं. एटीएक्स हे माप इंटेलने १९९५ साली आणलं, बोर्ड ३०५ बाय २४४ एमएम, आणि तुझा मायक्रो-एटीएक्स म्हणजे २४४ बाय २४४, त्याचे स्क्रू एटीएक्स कॅबिनेटातही व्यवस्थित बसतात. इतकी वर्षं हे माप टिकलंय, म्हणून आज घेतलेलं कॅबिनेट तुझे पुढचे दोन प्रोसेसर आणि दोन कार्डं बघेल. ४ हजारांत जमलं तर मिड टॉवर, म्हणजे मध्यम उंचीचं, एटीएक्सच घे, हात घालायला जागा मिळते आणि वायरी लपवायलाही. घरात जागाच नसेल तर मायक्रो-एटीएक्स कॅबिनेटही चांगली येतात, फक्त त्यात कार्डाची लांबी जपून बघ. खोक्यावर कार्डासाठी ३२० एमएम लिहिलेलं असतं, ते बऱ्याचदा पुढचे फॅन न धरता. फॅनची जाडी २५ एमएम, ती वजा कर. तुझं दोन फॅनचं कार्ड असेल तर प्रश्न यायचा नाही, पण पुढे तीन फॅनचं घेशील तेव्हा येईल.

कूलरची उंची मात्र नक्की बघ. स्वस्तातले १२० एमएम फॅनचे टॉवर कूलर १५५ एमएमच्या आसपास असतात, काही १६० च्या वर जातात. माझ्याच बाबतीत झालंय हे, कूलर घेतला १६१ चा आणि कॅबिनेटला चालणार होता १५५ पर्यंत. सगळं बसवून, पेस्ट लावून, रात्री साडेअकराला काच लावायला गेलो तर ती कूलरच्या टोकाला टेकून उभीच राहिली. सहा एमएमने. सात-आठ महिने ते मशीन एका बाजूने उघडं चाललं, आणि आत धूळ किती बसली ते नंतर साफ करताना कळलं. तो त्रास तुला होऊ नये म्हणून इतकं लिहितोय.

तिसरी गोष्ट फॅन. तुझ्या मशीनला पुढे दोन आत ओढणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, सगळे १२० चे, एवढे पुरे. पुढे तिसरा मिळाला तर उत्तम. त्यापुढे वाढवलेल्या प्रत्येक फॅनचा फायदा फार थोडा होतो. फॅन किती, यापेक्षा ते कशावर चालतात ते विचार. स्वस्त कॅबिनेटात येणारे फॅन बऱ्याचदा मोलेक्सवर असतात, म्हणजे थेट एसएमपीएसवरून कायम फुल स्पीड, तू नोट्स टाइप करत असलास तरी घूं घूं चालू. तीन पिनचे असतील तर बोर्डावर लागतात आणि स्पीड कमी-जास्त करता येतो, चार पिनचे पीडब्ल्यूएम, म्हणजे ज्यांचा स्पीड बोर्ड आणखी बारकाईने सांभाळतो असे, असतील तर आणखी छान. दोन कॅबिनेटं सारख्याच किमतीची असली आणि एकात चार मोलेक्सचे लाइटवाले फॅन, दुसऱ्यात तीन-चार पिनचे दोन साधे, तर मी डोळे मिटून दुसरं घेईन.

वायरींसाठी बघायचं ते मागच्या बाजूला. डावीकडची काच विसर, उजवीकडचा पत्रा उघड. बोर्डाची प्लेट आणि तो पत्रा यांच्यात अंगठा आडवा जाईल एवढी जागा पाहिजे, २० एमएम म्हणजे काठावर पास, २५ म्हणजे सुखाचं. केबल बांधायला पत्र्यालाच कापून केलेल्या छोट्या कड्या असतात त्या मोज, आणि काचेच्या बाजूने बघितलं तर वरच्या डाव्या कोपऱ्यात सीपीयूच्या केबलसाठी भोक आहे ना ते बघ. एसएमपीएस खाली असावा आणि त्यावर झाकण असावं, जास्तीच्या वायरी कोंबायला तीच जागा. पत्रा अंगठ्याने दाबून बघ, डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर होत असेल तर पुढे फॅन चालू झाले की तो थरथरणार आणि आवाज करणार.

नाव विचारलंस म्हणून सांगतो, या बजेटात अँट ईस्पोर्ट्स, डीपकूल, कूलर मास्टर यांची कॅबिनेटं दुकानांत मिळतात आणि त्यांत मेश फ्रंटवालं सापडतं. एकच मॉडेल मी मुद्दाम सांगत नाही, एकाच नावाचं कॅबिनेट मेशमध्ये आणि काचेत दोन्ही प्रकारे येतं, फॅनही बदलतात. नावावर जाऊ नको, टॉर्च आणि सहा इंची पट्टी खिशात ठेव. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलास तर भाव करता येतो हे खरं, पण येताना ग्रँट रोडवरून दादर, दादरवरून ठाणे, ठाण्याला परत गाडी बदलून ऐरोली, असं ते खोकं संध्याकाळच्या गर्दीत आणायचं म्हणजे काचेची काळजी. सकाळी लवकर जा आणि दुपारी दोनच्या आत परत ये, किंवा वाशीत-ठाण्यात हातात बघून मिळत असेल तर दोन-तीनशे जास्त द्यायला हरकत नाही.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ राहतो. मुलगा आर्किटेक्चरला आहे, रात्र रात्र रेंडर, म्हणजे डिझाइनची खऱ्यासारखी चित्रं तयार करायचं काम, लावून ठेवतो. त्याला सगळीकडून काच आणि सात लाइटचे फॅन असलेलं कॅबिनेट हवंय. माझं म्हणणं, आमच्याकडे मेट्रोच्या आणि बिल्डिंगांच्या कामाची एवढी धूळ की सकाळी पुसलेली खिडकी संध्याकाळी पांढरी होते, तर जाळीवाल्या कॅबिनेटात उलट जास्त धूळ जाणार नाही का? आमचा वाद तुम्हीच मिटवा.

उत्तर : ताई, तुमची शंका अगदी रास्त आहे, आणि सगळ्यांना तेच वाटतं. पण काचेच्या कॅबिनेटातही हवा आत जातेच, फक्त ती फटींतून, मागच्या कार्डांच्या (पीसीआयच्या) मोकळ्या खाचांतून, मागच्या भोकांतून जाते, जिथे फिल्टर नसतो. म्हणजे धूळ आत जाते आणि थंडावा मात्र मिळत नाही, दोन्हीकडून नुकसान. जाळीवाल्यात हवा एका ठरलेल्या वाटेने येते आणि त्या वाटेवर फिल्टर बसवता येतो.

यात एक साधी युक्ती असते. आत हवा ढकलणारे फॅन बाहेर काढणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवायचे, म्हणजे पुढे तीन, मागे एक. मग कॅबिनेटच्या आत हवेचा दाब बाहेरपेक्षा थोडा जास्त राहतो आणि बारीकसारीक फटींतून हवा बाहेर येत राहते, तिथून धूळ आत घुसत नाही. सगळी हवा पुढच्या फिल्टरमधूनच येते, आणि तुम्ही तो एक फिल्टर धुतलात की काम झालं. उलट केलं, मागे-वर तीन-चार बाहेर काढणारे आणि पुढे एकच, तर कॅबिनेट व्हॅक्यूम क्लीनरसारखं प्रत्येक फटीतून धूळ ओढतं. तुमच्या रस्त्यावर हे फार महत्त्वाचं आहे. दिशा बरोबर लागलीये का बघायला एक अगरबत्ती पेटवून पुढच्या जाळीपासून वीतभर लांब धरा, धूर आत खेचला गेला पाहिजे आणि मागच्या फॅनजवळ धरलीत तर लांब फेकला गेला पाहिजे. फॅनवर बाण नसेल तर ज्या बाजूला प्लास्टिकची काडी-काडीची चौकट असते त्या बाजूने हवा बाहेर पडते.

फिल्टर मात्र दर पंधरा दिवसांनी काढा. पाण्याखाली धरा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका, पावसाळ्यात एक रात्र पंख्याखाली ठेवावा लागतो. विकत घेतानाच हे बघा की पुढचा, वरचा आणि खाली एसएमपीएसचा फिल्टर हाताने सरकून निघतात का, वरचा चुंबकाचा असेल तर सोन्याहून पिवळं. स्क्रू काढून काढावा लागणारा फिल्टर घरात कोणी धूत नाही. खोलून आतली सफाई वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर ती भलत्याच वेगाने फिरतात आणि बेअरिंग खराब होतं. कोपऱ्यांत रंगकामाचा मऊ ब्रश.

काच एका बाजूला असू द्या की, मुलाचाही हट्ट थोडा पुरवा, रात्रभर ज्याच्यासमोर बसायचं ते मशीन बघायला आवडावं ही इच्छा चुकीची नाही. पुढची बाजू तेवढी जाळीची ठेवा. पण काचेबद्दल एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. टेम्पर्ड काच मधोमध बऱ्यापैकी मार सहन करते, पण तिचा कोपरा किंवा कड टाइलवर टेकली की एका क्षणात पूर्ण काच खडीसाखरेसारखी फुटून खोलीभर होते. आपल्या घरांत सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल. काच काढली की ती थेट पलंगावर, गादीवर आडवी. फरशीवर उभी करून भिंतीला टेकवायची नाही, अगदी दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. मशीन खोलायला बसाल तेव्हा खाली जाड सतरंजी घाला.

लाइटच्या फॅनचं पण सांगतो. एआरजीबीचा, म्हणजे प्रत्येक लाइटचा रंग वेगळा बदलता येतो त्याचा, प्लग ५ व्होल्टचा असतो, तीन पिनचा, आणि साधा आरजीबी १२ व्होल्टचा, चार पिनचा. ५ वाला चुकून १२ वर लागला की लाइट कायमचे जातात, परत येत नाहीत. बोर्डाच्या पुस्तकात बघून लावायला सांगा. आणि सातपैकी किती फॅन खरंच पीडब्ल्यूएमवर आहेत हे विचारून घ्या, रात्रभर रेंडर म्हणजे रात्रभर आवाज, आणि बाजूच्या खोलीत झोपणार तुम्ही.

प्रश्न : खारघरहून लिहितोय. कॅबिनेट आणलं, सगळं बसवलं, चालू पण झालं, पण मागचा पत्रा काही केल्या लागत नाही, वायरींनी फुगलाय. एसएमपीएस साधा आहे, मॉड्युलर नाही, म्हणजे नको असलेल्या केबली सुट्या करता येत नाहीत. मित्र म्हणतो गुडघा टेकवून दाब आणि स्क्रू मार. करू का?

उत्तर : नका करू. त्या दाबाने सगळ्यात आधी मागे लावलेल्या एसएसडीचा साटा प्लग तुटतो, तो प्लास्टिकचा एल आकाराचा तुकडा इतका नाजूक असतो की एकदा तुटला की ड्राइव्हच गेला समजा. एक संध्याकाळ काढा आणि सगळं परत करा, खरंच सांगतो, दुसऱ्यांदा करताना अर्धा वेळ लागतो.

सगळ्या वायरी बोर्डाकडून सोडवा. मग पत्रा फुगतो कुठे ते शोधा. दर वेळी कारण एकच सापडतं, दोन जाड केबली एकमेकींवरून जातात. सगळ्यात जाड असते ती बोर्डाला वीज देणारी २४ पिनची. ती एकटी, पसरून सपाट करून, तिच्या भोकाजवळच्या खोल पन्हळीतून न्यायची, तिच्यावर काही नाही, तिच्याखाली काही नाही. यूएसबी ३ ची पुढची केबल ताठ असते, ती वळत नाही, म्हणून तिला आधी तिची जागा द्या आणि मग बाकीच्यांनी तिच्या बाजूने जायचं. पॉवर-रिसेटच्या बारक्या वायरींची एक वेणी करून खालच्या कडेने न्या.

सीपीयूची आठ पिनची केबल खरं तर बोर्ड बसवायच्या आधीच वरच्या डाव्या कोपऱ्यातून काढून ठेवायची असते, कारण बोर्ड आणि मागचा फॅन बसला की तिथे दोन बोटंसुद्धा जात नाहीत. तुमचा बोर्ड बसलाच आहे तर निदान मागचा फॅन काढा, चार स्क्रू आहेत फक्त, आणि मग केबल सरकवा. स्वस्त एसएमपीएसची ही केबल आखूड असते आणि खालून वरपर्यंत मागून फिरून यायला ती पुरत नाही, मग लोक ती बोर्डावरून तिरकी ओढतात, कार्डाच्या फॅनला घासते. त्यापेक्षा एक्स्टेन्शन मिळतं, ते घ्या, चांगल्यापैकी जाड तारेचं.

न वापरलेल्या केबलींचा गुच्छ मागे ठेवूच नका. खाली एसएमपीएसच्या झाकणाखाली हार्ड डिस्कचा पिंजरा असतो. मोठी हार्ड डिस्क नसेल तर कॅबिनेटच्या तळाचे स्क्रू काढून तो पिंजराच बाहेर काढता येतो आणि तिथे भलीमोठी जागा मोकळी होते, सगळा गुच्छ तिथे. बांधायला वेल्क्रोच्या पट्ट्या वापरा. झिप टायची कापलेली टोकं ब्लेडसारखी असतात, पुढच्या वेळी हात घातला की रक्त निघतं, आणि एक वायर बदलायला सगळ्या टाय कापाव्या लागतात. ग्राफिक कार्डाला नवीन १६ पिनचा प्लग असेल तर प्लगपासून साडेतीन सेंटीमीटर केबल सरळ राहू द्या, मग वळवा, आणि काच लावताना ती केबल काचेने दाबली जात नाही ना बघा. प्लग पूर्ण टेकेपर्यंत आत गेला पाहिजे.

वायरी नीट लावल्याने टेम्परेचर खूप उतरेल अशी आशा ठेवू नका, एखाद-दुसरा डिग्री. पण वायर फॅनमध्ये जात नाही, धूळ साचायला जाळं राहत नाही, आणि उद्या रॅम बदलायचा तर दहा मिनिटांत बदलता येतो. त्यासाठी हे करायचं.

प्रश्न : मी नौपाड्यात राहतो, वय ६९. माझा डेस्कटॉप नऊ वर्षांचा आहे, फोटो, बँकेची कामं आणि शेअरचे भाव एवढंच बघतो. हल्ली आवाज फार करतो. दुकानदार म्हणतो कॅबिनेट बदला, साडेतीन हजार. बदलू का?

उत्तर : काका, अजिबात नको. तुमच्या वापराला त्या मशीनमध्ये उष्णता फारशी तयारच होत नाही. आवाज येतोय तो सीपीयूच्या किंवा एसएमपीएसच्या फॅनमध्ये बसलेल्या धुळीने. कोणाला तरी घरी बोलावून तुमच्यासमोर उघडून साफ करून घ्या, सीपीयूची पेस्ट नवीन लावायला सांगा. त्यानंतरही आवाज राहिला तर नुसता फॅन बदलायचा, काही शेकड्यांत होतं. फॅन एसएमपीएसचा असेल तर तो घरी उघडू देऊ नका, आत वीज साठलेली राहते, अख्खा एसएमपीएस बदलून घ्या. आणि सफाईच्या आधी फोटोंची एक कॉपी बाहेरच्या ड्राइव्हवर काढून ठेवा काका, नऊ वर्षांच्या हार्ड डिस्कवर मला आवाजापेक्षा त्याची जास्त काळजी वाटते.

प्रश्न : कळव्याहून. आमच्या कॅबिनेटात पाल शिरली आणि बोर्डावरच मेली, मशीन बंद पडलं, बोर्ड गेला. आता नवीन घेतोय. पाल जाणार नाही असं कॅबिनेट असतं का?

उत्तर : वाईट वाटलं वाचून, आणि तुमच्यासारखी अजून दोन पत्रं आहेत, खाडीच्या पट्ट्यात हे होतंच. पाल बहुतेक वेळा मागून शिरते. स्वस्त कॅबिनेटांत कार्डाच्या खाचा बंद करणाऱ्या पट्ट्या पत्र्यातच असतात, एकदा मोडून काढल्या की परत लागत नाहीत. कार्ड एका खाचेतून दुसऱ्या खाचेत हलवलं की तिथे बोटभर रुंद, चार इंच लांब भोक कायमचं उघडं. विकत घेताना या पट्ट्या स्क्रूच्या आहेत का बघा, निदान पहिल्या दोन-तीन तरी. असलेल्या कॅबिनेटची पट्टी मोडली असेल तर सुटी पट्टी मिळते, थोडक्या पैशात, ती स्क्रूने लागते. बोर्डासोबत जी चकचकीत पत्र्याची प्लेट येते, पोर्टांच्या भोवती बसवायची, ती घाईत बरेच जण विसरतात, ती लावलीच पाहिजे. मागच्या फॅनला बाहेरून तारेची गोल जाळी नसेल तर १२० एमएमची घ्या आणि चार स्क्रूंनी बसवा.

कॅबिनेट जमिनीवर, भिंतीला चिकटून नको. वीतभर पुढे आणि थोडं उंचावर, छोट्या स्टुलावर ठेवा, म्हणजे खालून एसएमपीएसलाही हवा मिळते आणि पावसाळ्यात फरशीला ओल सुटते तीही लागत नाही. पावसाळ्यात मशीन वापरायचं नसलं तरी दोन-तीन दिवसांआड अर्धा तास चालू ठेवा, आतली ओल निघून जाते. झुरळांसाठी कॅबिनेटात फवारा मारू नका. डांबराच्या गोळ्या आत टाकणारेही भेटलेत मला, त्याही नको. मागच्या भिंतीला टेबल आणि प्लगचा बोर्ड यांच्यामागे जी अंधारी जागा असते ती साफ ठेवा, पाल तिथूनच येते.